माझ्या पाठीवरचं भांडण

मित्रांनो, मी एक जुनं टेबल टेनिसचं टेबल आहे. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं, एवढंच. तुमच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. माणसांनी माझे जे हाल केले ते भोगल्यावर प्रेम उरेल तरी कसं? माझी कहाणी ऐकून कोणाचे डोळे पाणावणार असतील तर त्यांनी दुसरीकडे जावं. मला दया नको आहे. मला राग आलेला आहे, आणि तो का आला आहे ते मी सांगणार आहे.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुतारानं. एरवी तो दारं आणि कपाटं करायचा. टेबल टेनिस त्यानं जन्मात खेळलं नव्हतं. पण माणूस हट्टी. माझ्या दोन फळ्या चौकटीवर बसवून झाल्यावर त्यानं कुठून तरी एक चेंडू पैदा केला आणि तो माझ्यावर वीत-वीत अंतरावर टाकून बघायला लागला. कान अगदी जवळ आणायचा. चेंडू नीट उसळला नाही की म्हणायचा, "इथे लाकूड मेलंय." मग मला उलटं करायचा, शिव्या देत चौकट उघडायचा, खालून पट्टी मारायचा, पुन्हा सुलटं करायचा. शेवटी माझ्या अंगावर मेलेली जागा एकही उरली नाही. त्यानं हिरवा रंग दिला, कडेनं पांढरी रेघ ओढली आणि नवं गिऱ्हाईक आलं तेव्हा माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मला विकत घेणाऱ्या माणसाचा पडदे शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. दोन्ही भिंतींना शिलाई मशीनं, मध्ये कापडाचे तागे, एका कोपऱ्यात इस्त्री आणि दुसऱ्या कोपऱ्यात काचेच्या खिडकीचं छोटं ऑफिस. त्या माणसाला सगळे बाबा म्हणायचे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. मला टेम्पोतून उतरवताना शेजारच्या दुकानदारानं विचारलं, "कापड कापायला आणलंत ना? मजबूत दिसतंय."

"नाही," बाबा म्हणाले. "खेळायला."

दुकानदार हसला. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की जेवणाच्या सुट्टीत माणसं डबा संपवतात आणि मशीनवरच डोकं टेकून पडतात. उठतात ती आंबलेल्या अंगानं. "काम संपलं की खेळू म्हणत बसलो तर मरेपर्यंत खेळणं होणार नाही," ते म्हणायचे. "काम काय, संपतंय थोडंच."

ते स्वतः फार वाईट खेळायचे. त्यांचा चेंडू एक तर जाळीत जायचा नाही तर इस्त्रीच्या टेबलाखाली. हरले की खो-खो हसायचे आणि पुढच्याला बॅट द्यायचे. रोज दुपारी माझ्याभोवती रांग लागायची. त्यात एक हातशिलाई करणारी बाई होती. अंगानं बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. कोणी नाव विचारलं तर तीही टाचणीच सांगायची. इस्त्रीवाले काका सगळ्याच गोष्टींत संथ होते, पण त्यांची सर्व्हिस कुठे वळेल ते कोणाला कळायचं नाही. ते दिवस चांगले होते. ते मी कबूल करतो, पण त्यावर फार वेळ घालवणार नाही.

बाबांना दोन मुलं. मोठा तो थोरला आणि पाठची ती धाकटी. शाळा सुटली की दोघं दप्तरं ताग्यांवर फेकायची आणि माझ्या दोन टोकांना उभी राहायची. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. एका पॉइंटवरून ती एकमेकांच्या झिंज्या धरायची. पण बाबांनी मानगूट धरून घरी नेईपर्यंत दोघांतलं एकही जागचं हलायचं नाही. थोरला तेव्हा जिंकायचा. त्याचा हात लांब होता, आणि जिंकला की तो 'रडूबाई' म्हणून चिडवायचा. धाकटी रडायची नाही. दात-ओठ खायची आणि म्हणायची, "परत."

मग धाकटी वाढली. एका शनिवारी, सगळे कामगार भोवती उभे असताना, तिनं त्याला हरवलं. निसटतं नव्हे, चांगलं धुऊन काढलं. टाचणी म्हणाली, "आज थोरल्यांना कडक इस्त्री झाली," आणि खोलीत जो तो हसला. बाबाही हसले. ते कशालाही हसायचे, पण थोरल्याला ते तेव्हा कळलं नाही. त्यानं बॅट माझ्यावर ठेवली. आपटली नाही, हलकेच ठेवली. "मला अभ्यास आहे," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर त्यानं बॅटला हात लावला नाही. आधी अभ्यास होता, मग कॉलेज होतं, मग काम होतं. कामात एक सोय असते. समोरच्या टोकाला कोणी उभं नसतं. जितकं जास्त ओढाल तितकी लोक वाहवा करतात, आणि हरलात असं तोंडावर कोणी म्हणत नाही. थोरल्याला ती सोय फार आवडली. तो कामाला जो चिकटला तो चिकटलाच.

बाबा गेले तेव्हा कारखाना दोघांना मिळाला, पण खुर्ची एकच होती आणि तिच्यात थोरला बसला. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझी जाळी सोडली. मला वाटलं, धुवायला काढली असेल. ती कचऱ्यात गेली. पाठोपाठ बॅटी गेल्या. "एवढं मोठं धूड फुकट जागा अडवून बसलंय," तो म्हणाला. "याच्यावर कापणी करा." मग एक माणूस आला आणि त्यानं माझ्या लांब कडेवर मापाची लोखंडी पट्टी ठेवून स्क्रू पिळले. त्या सुतारानं ओढलेली पांढरी रेघ पट्टीखाली गेली. विजेवर चालणारं कापायचं मशीन आलं. त्याचं गोल पातं कापड कापून झालं तरी थांबायचं नाही, माझ्यातही उतरायचं. रोज नवी चीर. तुमच्या पाठीवर कोणी रोज सुरी ओढली तर तुम्ही त्याच्याबद्दल काय बोलाल ते मला ठाऊक आहे. मीही तेच बोलत होतो, फक्त ऐकायला कोणी नव्हतं.

आणि कापणीला त्यानं उभं कोणाला केलं, तर धाकटीला. तिचा कापडावर हात चांगला होता. ती माझ्यावर कापड अंथरायची, खडूनं खुणा करायची, मशीन चालवायची. माझ्याकडे बघायची नाही. मित्रांनो, थोरल्यापेक्षा मला तिचाच जास्त राग यायचा. थोरला मला विसरला होता. ती विसरली नव्हती, आणि तरी कापत होती.

भाऊ-बहिणीचं बोलणं मापांपुरतं उरलं होतं, तेही वहिनीच्या मार्फत. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. ऑफिसात बसून फोन आणि ऑर्डरी ती सांभाळायची. धाकटी चार हातांवर उभी असली तरी थोरला म्हणायचा, "तिला सांग, निळा तागा आधी घ्यायचा." वहिनी म्हणायची, "तिला ऐकू येतं." "तरी सांग." धाकटी तिकडूनच म्हणायची, "वहिनी, ऐकलं म्हणावं."

जेवणाची सुट्टी निम्मी झाली. पुढे माणसं मशीनवरच डबा उघडून एका हातानं जेवायला लागली. रविवारची सुट्टी गेली. थोरला सगळ्यांना सांगायचा, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग सावकाश श्वास घेऊ." ती ऑर्डर जायची आणि दारातच दुसरी उभी असायची. तो स्वतःही सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा. ते मी त्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. जो स्वतःला झोडपतो तो दुसऱ्याला झोडपताना कचरत नाही, एवढंच मला दिसलं. खोलीत कोणी हसलं की तो ऑफिसच्या काचेतून बघायचा. हळूहळू बघायची गरजच उरली नाही.

मग एका नव्या इस्पितळाचं काम आलं. प्रत्येक खाटेभोवती फिकट हिरवा पडदा, अशा कितीतरी खोल्या. थोरल्यानं धाकटीला, म्हणजे वहिनीला, सांगितलं की कापडाचे थर दुप्पट घ्या, एका फटक्यात दुप्पट कापणी होईल. धाकटीनं दुप्पट थर अंथरले. ती कितीतरी दिवस नीट झोपली नव्हती. लोखंडी पट्टीवर तिनं खूण केली, मशीन सुरू केलं आणि कापत गेली. सगळं कापून झालं. पहिला पडदा शिवायला गेला आणि टाचणी तो दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "याला दुमडायला कापडच नाही."

वर आणि खाली दुमडीसाठी जे जास्तीचं कापड धरायचं असतं ते धाकटीनं धरलंच नव्हतं. सगळेच्या सगळे पडदे वीतभर तोकडे होते. थोरला बाहेर आला. त्यानं एक घेतला, दुसरा घेतला, मग ढीग उपसून तळातला घेतला.

"डोळे कुठे होते तुझे?" त्यानं विचारलं. त्या दिवशी वहिनीची गरज पडली नाही.

"उघडे होते," धाकटी म्हणाली. "मी उभ्या उभ्या झोपले होते, दादा. घोडा झोपतो तशी."

"थर दुप्पट कर म्हणालो होतो. अक्कल बाजूला ठेव म्हणालो नव्हतो."

"थर दुप्पट नसते तर निम्मंच कापड वाया गेलं असतं."

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. "बाबांनी लाडावून ठेवलं तुला. सगळं आयुष्य खेळ वाटतो. खेळून कोणी मोठं झालंय का या घरात?"

"तू खेळून लहान झालास," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "बहिणीकडून एकदा हरलास. तेव्हापासून राबवून राबवून त्याचा सूड घेतोयस. माझ्यावर घेतलास तर घे. या लोकांनी काय केलं होतं तुझं?"

एकेक मशीन थांबत गेलं. इस्त्रीवाले काका इस्त्री हातात धरून तसेच उभे. मला वाटलं, आता थोरला हात उगारणार. त्यानं हातातला पडदा माझ्यावर टाकला आणि ऑफिसात गेला. वहिनी फोनवर कापडाच्या गिरणीशी बोलत होती. तोच रंग पुन्हा मिळायला काही दिवस लागणार होते. तोवर शिवायला काहीही नव्हतं.

कोणालाही वाटेल, त्यानं माणसांना सुट्टी दिली असेल. तो थोरला होता. त्यानं फर्मान काढलं की सगळ्यांनी नेहमीच्या वेळेला यायचं, मशीनं साफ करायची, तेल घालायचं, आणि ते झालं की बसून राहायचं. "पण इथेच बसायचं," तो म्हणाला.

माणसं बसली. एका दिवसात मशीनं लखलखली. दुसऱ्या दिवशी सगळे गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. आवाज नव्हता की गप्पा नव्हत्या. मी कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण त्या दिवसाइतका द्वेष एका खोलीत साठलेला मी पाहिला नाही. सगळ्यांची नजर ऑफिसच्या काचेवर आणि काचेमागे थोरला, समोर काही नसताना काहीतरी करत असल्याचं दाखवत.

शेवटी टाचणीला राहवलं नाही. "साफच करायचं तर नीट करू," असं म्हणून तिनं दोघींना घेऊन धाग्यांचं अवजड कपाट भिंतीपासून ओढलं. मागे वर्षानुवर्षांची धूळ होती, आणि धुळीत एक चेंडू. एका बाजूनं पार चेपलेला. तिनं तो इस्त्रीवाल्या काकांना दिला. काकांनी तो चिमट्यात धरून इस्त्रीच्या वाफेवर फिरवला. सावकाश फिरवला, ते सगळं तसंच करायचे. टक् असा आवाज झाला आणि पोचा बाहेर आला. काकांनी चेंडू गार होऊ दिला आणि माझ्यावर टाकला.

तो उसळला. इतक्या वर्षांनी माझ्यावर काहीतरी उसळलं. मला आनंद झाला असं तुम्हाला वाटत असेल. मला संताप आला. एवढंच करायचं होतं तर इतकी वर्षं का थांबलात?

बॅटी नव्हत्या. कोणीतरी पडद्यांचे हार्डबोर्डचे साचे आणले. दोन पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या केल्या आणि मध्ये जाळी म्हणून ताणला तो तोकडा हिरवा पडदा. लोखंडी पट्टीवर चेंडू आपटला की खणकन वाजायचा, चिरेत पडला की भलतीकडेच जायचा. तरी रांग लागली. आधी लोक कुजबुजत खेळले. मग टाचणी काकांच्या सर्व्हिसला फसली, तिनं काकांना अशी काही शिवी हासडली की दाराशी बसलेल्या बायका फिसकन हसल्या.

थोरला बाहेर आला.

"काय चाललंय?"

"तुम्ही बसा म्हणालात," टाचणी म्हणाली. "बसून बसून पाय आखडले."

"पगार घेता ना त्याचा?"

कपाटाला टेकून उभी असलेली धाकटी म्हणाली, "बसायचा पगार घेतात. खेळतायत फुकट."

मला वाटलं, आता मला उचलून बाहेर फेकणार. थोरला पुढे आला. त्यानं टाचणीच्या हातातला साचा काढून घेतला, माझ्या एका टोकाला उभा राहिला आणि बहिणीकडे बघून म्हणाला, "ये."

मित्रांनो, त्या खेळात खेळकर असं काही नव्हतं. दोघं एकमेकांना मारायला निघाली होती, मध्ये मी होतो म्हणून चेंडूवर निभावलं. थोरल्याचं अंग जड झालं होतं, पण हात अजून लांब होता. तो प्रत्येक चेंडू फोडायलाच बघायचा. पण चेंडू नेमका त्याच्याच बाजूच्या चिरांत पडायचा आणि त्याच्या कोपराखालून निघून जायचा. मी काही केलं नाही. जसा होतो तसा पडून राहिलो. त्यानं मला जसं केलं होतं तसा. धाकटीला चिरा तोंडपाठ होत्या, बहुतेक तिनंच मारल्या होत्या. ती बरोबर तिथेच चेंडू टाकायची. थोरला हरला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"टेबल खराब आहे," तो म्हणाला.

"केलं कोणी?" धाकटी म्हणाली.

तो ऑफिसात गेला. लोकांनी घाईघाईनं नळ्या काढल्या, साचे जागेवर ठेवले, आणि संध्याकाळी घरी जाताना टाचणी काकांना म्हणाली, "उद्या आपल्याला नारळ मिळतो बघा."

दुसऱ्या दिवशी लोक आले तेव्हा थोरला माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता. बाजूला लांबीचा डबा. भेगा बुजवायला रंगारी वापरतात ती लांबी. लोखंडी पट्टी त्यानं आधीच उपटून भिंतीला लावली होती. एका पातळ पत्र्यानं तो माझी एकेक चीर भरत होता, वरून सपाट करत होता, वाळलेल्या जागी पॉलिश पेपर घासत होता. चेहरा असा की जवळ जायची कोणाची छाती होईना. तो हे मायेनं करत होता असं समजू नका. आपली हार आपली की टेबलाची, एवढंच त्याला ठरवायचं होतं. मनात माझ्याबद्दल काडीचाही जिव्हाळा नव्हता. पण हात सुतारासारखे फिरत होते. एक भेग बुजली की तो तिच्यावरून बोट फिरवायचा आणि खडबडीत लागलं की पुन्हा घासायचा. ऑफिसात फोन वाजत होता. तो उठला नाही.

दुपारी वहिनी डबा घेऊन बाहेर आली. "जेवायचं नाही का?"

"किती वाजले?"

"सगळ्यांचं जेवून झालं," वहिनी म्हणाली. तिनं डबा त्याच्या शेजारी ठेवला. "तुम्ही वेळ विचारलीत. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा. एरवी दर घटकेला तुम्हीच आम्हाला सांगत असता."

डबा त्यानं खाली फरशीवर बसून खाल्ला.

लांबी वाळायला रात्र गेली. सकाळी त्यानं कागदात गुंडाळलेल्या दोन नव्या बॅटी काढल्या, एक धाकटीच्या दिशेनं सरकवली आणि म्हणाला, "आता टेबलाचं नाव सांगायचं नाही."

"मी कधी सांगितलं?" ती म्हणाली.

तो पुन्हा हरला. पण त्या दिवशी चेंडू इकडून तिकडे इतके जायला लागले की बघणाऱ्यांच्या माना दुखल्या. एकदा तर धाकटीनं जवळजवळ जमिनीवरून चेंडू उचलून परत दिला, आणि थोरल्याच्या तोंडून लहानपणची, बाबांनी कान पिळून बंद केलेली शिवी निघाली. धाकटी हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. थोरला मात्र हसला नाही. "पाणी पी आणि सर्व्हिस कर," तो म्हणाला.

ते चालू असतानाच दारात टेम्पो थांबला. गिरणीचं कापड आलं. हमालानं तागा खांद्यावर घेतला आणि नेहमीप्रमाणे माझ्यावर टाकायला आला.

"याच्यावर नको," थोरला म्हणाला. "लांबी ओली आहे."

टाचणी माझ्या कडेलाच उभी होती. तिनं एक बोट लांबीवरून फिरवलं. लांबी खडखडीत वाळलेली होती. ज्या लांबीवर तासभर चेंडू आपटत होता ती ओली कशी असेल, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं. टाचणीनं बोट लुगड्याला पुसल्यासारखं केलं. "ओली आहे हो," ती म्हणाली. "चांगलीच ओली आहे."

"मग कापड कापायचं कशावर?" धाकटीनं विचारलं. "तुझ्या डोक्यावर?"

थोरल्यानं खोलीभर नजर फिरवली. इकडे तागे, तिकडे मशीनं, मोकळं असं काही नव्हतंच. "ऑफिसचं दार काढा," तो म्हणाला.

वहिनी आतून म्हणाली, "काय काढा?"

"दार. बिजागऱ्या सोडा. दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं की कापणी होईल. एका वेळी कमी थर घ्या."

दार निघालं. इस्पितळाचं काम उशिरा गेलं आणि तिथल्या व्यवस्थापकानं फोनवर थोरल्याला चांगलंच फैलावर घेतलं. ऑफिसला दार नसल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं. त्यानं ते ऐकून घेतलं. तोवर जेवणाची सुट्टी पुन्हा पूर्वीइतकी झाली होती आणि रविवारी कुलूप लागायला लागलं होतं. कोणी आभार मानले नाहीत. त्याला ते नकोही होते. तो अजून तिरसटच आहे. टाके वाकडे आले की अजून पडदा फेकतो.

भाऊ-बहिणीचं जमलं का, असं तुम्ही विचाराल. नाही जमलं. एकमेकांच्या घरी ती जात नाहीत. पण रोज दुपारी डबे बंद झाले की दोघं माझ्या दोन टोकांना येतात आणि पोटातली सगळी जळजळ त्या एवढ्याशा चेंडूवर काढतात. ती संपली की उरलेला दिवस दोघांना थोडा हलका जातो. वहिनीच्या मार्फत निरोप पाठवायचंही बंद झालं आहे, कारण शिव्या थेट दिल्या तरच पोचतात.

परवा थोरला जिंकला. अगदी शेवटच्या पॉइंटवर, कोपऱ्यात. टाळी वाजवावी की नाही ते कोणाला कळेना.

"मुद्दाम सोडलास तो," तो धाकटीला म्हणाला.

"तुझ्यासाठी? तोंड बघ जरा आरशात."

त्यानं कोपऱ्यातला चेंडू उचलून आणला. "उद्या परत?"

"उद्या रडवते तुला."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला खोटं बोलून काही मिळवायचं नाही. तिनं तो सोडला नव्हता. ती पूर्ण ताकदीनं धावली होती आणि चेंडू तिला मिळाला नाही. थोरला खराखुरा जिंकला होता. त्याबद्दल त्याला काय मिळालं? काहीही नाही. एक पडदा जास्त शिवला गेला नाही, एक ऑर्डर जास्त आली नाही. पण त्या दुपारी तो दार नसलेल्या ऑफिसात बसून खिडकीबाहेर बघत होता, आणि काही करत असल्याचं दाखवत नव्हता.

आता शेवटी काही शिकवण द्यावी असं तुम्हाला वाटत असेल. माझ्यावर प्रेम करा, असं मी म्हणणार नाही. थोरल्यानंही केलं नाही, रागारागानंच दुरुस्त केलं, आणि मला ते पुरलं. मला कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्या नको. पाय ढिले झाले तर आवळा. समोर कोणाला तरी उभं करा. ज्याच्याशी तुमचं पटत नाही असा कोणी असला तर फारच उत्तम. आणि आता बाजूला व्हा. कोपरं टेकू नका माझ्यावर. सर्व्हिस येते आहे.